दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना : बांधकामाचं आणि उभारणीचं अंदाजपत्रक पायरीपायरीने

दवाखान्याचं अंदाजपत्रक इंटिरियरवाल्याच्या चौरस फुटाच्या दरापासून सुरू झालं की ते हमखास कोलमडतं. त्या दरात भिंती, लादी, छत, रंग आणि फर्निचर असतं. दातांच्या डॉक्टरांची खुर्ची मात्र पाणी, हवा, सक्शन (तोंडातलं पाणी आणि लाळ ओढून घेणं), सांडपाणी आणि वीज अशा पाच लाइनींवर चालते, आणि त्या पाचही लाइनी जमिनीखालून येतात. फिजिशियनला आपलं टेबल उद्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवता येतं. डेंटल चेअर एकदा बसली की ती हलवायची म्हणजे लादी फोडायची.

म्हणून या लेखात एकच क्रम धरला आहे : नंतर बदलता येणार नाही त्यावर आधी पैसे ठेवायचे, नंतर विकत घेता येईल ते मागे ठेवायचं. उदाहरणाला नाशिकसारख्या शहराच्या उपनगरातला तळमजल्यावरचा ४५० चौरस फूट कारपेटचा गाळा घेतला आहे. भाड्याचा, आज एक खुर्ची आणि दुसरीची सोय आत्ताच करून ठेवलेली. खालचे रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत, करासकट धरलेले आहेत. तुमच्या गावातली कोटेशनं हातात आली की आकडे बदला. बाबींची यादी मात्र तशीच ठेवा, कारण बजेट फुटतं ते बहुतेक वेळा विसरलेल्या बाबीमुळे.

पायरी १ : आधी महिना मांडा, मग बांधकाम

किती खर्च करायचा हे ठरवायला गाळा बघायची गरज नाही. वहीत महिन्याचा ठरलेला खर्च लिहा. नमुन्यात भाडं २५,०००, असिस्टंट आणि रिसेप्शन मिळून पगार २२,०००, वीज ७,०००, जैववैद्यकीय कचरा, फोन, सॉफ्टवेअर, सफाई मिळून ६,०००. झाले ६०,०००. त्यात कर्जाचा हप्ता मिळवा. १५ लाख रुपये, ११ टक्के व्याज, ७ वर्षं अशी मुदत धरली तर हप्ता साधारण २५,७०० येतो. म्हणजे एकही पेशंट आला नाही तरी महिन्याला ८५,७०० रुपये जाणार.

प्रत्येक रुपयाच्या कामातले साधारण ३० पैसे मटेरियल आणि लॅबला जातात असं धरू. मग नुसता दवाखाना उघडा राहण्यासाठी महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास काम व्हायला हवं; २५ दिवस धरले तर दिवसाला जवळजवळ ४,९००. त्यात घरखर्चासाठी ५०,००० काढायचे असतील तर महिन्याचा आकडा १ लाख ९४ हजारांवर आणि दिवसाचा ७,७५० वर जातो.

आता हा दिवसाचा आकडा त्या भागात, तुमच्या ओळखीवर, पहिल्या वर्षात होईल का, हे स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर बजेट इथेच कमी करा. लादी बसल्यावर ते कमी होत नाही. कर्जाची रक्कम बँक किती देते यावर ठरवू नये. बँक मशीनच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर हसत कर्ज देते, कारण मशीन ओढून नेता येतं. कोबा, वायरिंग आणि पाइप यांना तारण म्हणून किंमत नसते, तेव्हा तो भाग बहुतेक तुमच्याच खिशातून जाणार हे धरून चाला.

पायरी २ : गाळ्यावर सही करण्याआधीची तपासणी

स्वस्त भाड्याचा गाळा दवाखान्यासाठी महाग पडू शकतो. जाताना प्लंबर आणि वायरमनला सोबत न्या; त्यांची एका फेरीची मजुरी ही या सगळ्या खर्चातली सर्वांत फायद्याची रक्कम आहे.

पहिला प्रश्न सांडपाण्याचा. दुकानासाठी बांधलेल्या कित्येक गाळ्यांत ड्रेनेजचं तोंडच नसतं. टॉयलेट सामायिक असतं आणि आत पाण्याचा एक नळ. तुम्हाला प्रत्येक खुर्चीचं, हात धुण्याच्या बेसिनचं आणि स्टरलायझेशनच्या (हत्यारं निर्जंतुक करण्याच्या) सिंकचं सांडपाणी चेंबरपर्यंत न्यायचं आहे. चेंबर कुठे आहे, ते तुमच्या लादीपेक्षा किती खाली आहे, वाटेत दुसऱ्याचा गाळा येतो का, आणि सोसायटी जोडणीला लेखी ना हरकत देते का, हे चार मुद्दे मोजपट्टीने आणि कागदाने पक्के करा. 'बघू, करून घेऊ' या मालकाच्या शब्दावर सही करू नका.

दुसरा प्रश्न पाण्याचा. महापालिकेचं पाणी किती वेळ येतं, बोअरवेल असेल तर पाणी जड आहे का? मराठवाड्यात आणि सोलापूरकडे बोअरचं जड पाणी ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), स्केलर (दातांवरचं कीटण काढायचं यंत्र) आणि हँडपीस (दात कोरायचं फिरतं हत्यार) यांत क्षार धरतं. तिथे सॉफ्टनर किंवा आरओचा खर्च पहिल्याच दिवसापासून अंदाजपत्रकात हवा.

तिसरा, वीज. दीड टनाचे दोन एसी, ऑटोक्लेव्ह, कॉम्प्रेसर, सक्शन, दोन खुर्च्या आणि दिवे मिळून जोडलेला भार १० किलोवॉटच्या आसपास जातो. त्यासाठी थ्री फेज मीटर बरं. मीटर मालकाच्या नावावर असेल तर भार वाढवायच्या अर्जावर त्याची सही लागते, ती करारात लिहून घ्या. अर्ज करताना दरवर्गही विचारा. महावितरणच्या दरपत्रकात रुग्णालयं, दवाखाने यांच्यासाठी सार्वजनिक सेवा असा वेगळा वर्ग आहे. दुकानाचं जुनं मीटर तसंच चालू ठेवलं तर कित्येक जण वर्षानुवर्षं व्यापारी दराने बिल भरत राहतात.

कागदपत्रांत भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशावर त्या जागेचा वापर काय दाखवला आहे, आणि सोसायटीचे नियम बघा. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असतं. ५ वर्षांचा करार, २५,००० भाडं, दीड लाख डिपॉझिट असेल तर ते ४ हजारांच्या आत बसतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. ही रक्कम छोटी आहे. मोठी आहे ती करारातली दोन वाक्यं : एक, काम चालू असताना निदान दीड-दोन महिने भाडं माफ, दोन, मालकाला ठरावीक वर्षं करार मोडता येणार नाही. जमिनीखाली पैसा पुरायचा असेल तर ११ महिन्यांच्या करारावर तो पुरू नये.

नमुन्यातल्या जागेच्या बाबी : डिपॉझिट १,५०,०००, दलाली २५,०००, करार ५,०००, आणि भाडेमाफी मिळाली नाही असं धरून कामाच्या काळातलं दोन महिन्यांचं भाडं ५०,०००. एकूण २,३०,०००.

पायरी ३ : नकाशा, आणि खुर्चीच्या ड्रेनेजचा हिशोब

४५० चौरस फुटांची वाटणी अशी बसते : प्रतीक्षा आणि रिसेप्शन १३०, दोन ऑपरेटरी (खुर्ची बसवलेल्या उपचाराच्या खोल्या) प्रत्येकी ९५, बोलण्याची छोटी केबिन ५०, स्टरलायझेशन ४०, टॉयलेट २५, कॉम्प्रेसर आणि सक्शनचा कोपरा १५. रिसेप्शन वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. माझं मत असं की जागा कमी पडली तर केबिन काढा, स्टरलायझेशनला हात लावू नका. वापरलेली हत्यारं एका बाजूने येऊन धुऊन, पॅक होऊन, ऑटोक्लेव्हमधून दुसऱ्या बाजूला बाहेर पडली पाहिजेत. त्यासाठी निदान ८ फुटांचा सलग ओटा लागतो.

आता जमिनीखालचं काम. हे नीट समजून घ्या, कारण पुढचे निम्मे खर्च इथून फुटतात.

खुर्चीचं सांडपाणी उताराने वाहतं. १:४० चा उतार धरला तर दर फुटाला पाइप ०.३ इंच खाली जातो. खुर्चीचा पॉइंट बाहेर पडायच्या तोंडापासून ८ फुटांवर असेल तर उतार २.४ इंच, त्यात २ इंची पाइप आणि वर थोडा माल. म्हणजे ५ ते ६ इंच खोली हवी. खुर्ची १६ फुटांवर नेली तर नुसता उतारच ४.८ इंच होतो आणि खोली ८ इंचांवर जाते. तळमजल्यावर खाली माती असेल तर चर खोदता येतो. पण खाली बेसमेंट किंवा दुसऱ्याचा गाळा असेल, किंवा तुम्ही वरच्या मजल्यावर असाल, तर स्लॅब कापायचा नाही. तेव्हा सगळी जमीन उचलावी लागते. ६ इंच जमीन उचलली की भरावाचा खर्च, स्लॅबवर वजन, दाराची उंची कमी, आणि दारात ६ इंचांची जादा पायरी. व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे त्या ६ इंचांसाठी ६ फूट लांबीचा रॅम्प, जो बऱ्याच वेळा फुटपाथवर येतो आणि तिथे करता येत नाही. मग तो आत घ्यायचा आणि प्रतीक्षेच्या जागेतले ६ फूट द्यायचे. नकाशावर खुर्ची ८ फूट मागे सरकवण्याची किंमत अशी थेट पुढच्या दारापर्यंत पोचते.

म्हणून नकाशा काढताना खुर्च्या चेंबरच्या बाजूला ठेवा आणि रिसेप्शन रस्त्याकडे. दोन्ही खुर्च्या सामायिक भिंतीच्या दोन बाजूंना घेतल्या तर बऱ्याच लाइनी एकाच चरातून जातात. दुसरी खुर्ची दोन वर्षांनी घेणार असाल तरी तिच्या पाचही लाइनी आत्ताच टाका, तोंडं झाकणाने बंद करा आणि लादी बसण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेवा. आज ती सोय काही हजारांत होते. चालू दवाखान्यात लादी फोडायची तर दुरुस्तीच्या जोडीला बंद दिवसांची कमाईही जाते.

भराव हलका घ्या. नुसती वीट-मातीची भर टाकण्यापेक्षा हलक्या ब्लॉकचे तुकडे बरे, आणि वरच्या मजल्यावर असाल तर हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय करूच नका. वॉटरप्रूफिंग झाल्यावर २४ ते ४८ तास पाणी भरून ठेवून मगच कोबा करायला सांगा.

खुर्चीचा पॉइंट नेमका कुठे, हे कंपनीच्या टेम्प्लेटवरून (खुर्चीखालच्या लाइनींच्या तोंडांचा मापाचा नकाशा) ठरतं. कंपनीगणिक जंक्शन बॉक्सची जागा वेगळी असते. म्हणून खुर्चीचं मॉडेल सिव्हिल काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. अॅडव्हान्स भरून टेम्प्लेट घ्या, डिलिव्हरी शेवटी घ्या.

पायरी ४ : सिव्हिल आणि इंटिरियरचं अंदाजपत्रक

ठेकेदाराकडून एकगठ्ठा दर घेऊ नका. बाबवार यादी मागा : कोणतं काम, किती चौरस फूट, किती रनिंग फूट किंवा किती पॉइंट, कोणत्या ब्रँडचा माल, काय दराने. ही यादी स्वतः किंवा आर्किटेक्टकडून तयार करून तीच तिघांना द्या. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचे भाव दिले तर तुलना करताच येत नाही.

नमुन्यात झाकलं जाणारं काम असं :

- फोडणं, राडारोडा उचलणं, भराव, वॉटरप्रूफिंग, लादी, टॉयलेट : १,६०,०००
- पाणी, ड्रेनेज, हवेची आणि सक्शनची लाइन, टाकी : ९०,०००
- वायरिंग, पॅनेल, अर्थिंग : १,१०,०००
- भार वाढवणं आणि मीटर : २५,०००
- दोन एसी, तांब्याच्या पाइपसह : ९५,०००

झाले ४,८०,०००. आणि दिसणारं काम :

- पार्टिशन, फॉल्स सीलिंग, रंग : १,३०,०००
- सुतारकाम, कपाटं, ओटे, रिसेप्शन : १,६०,०००
- दर्शनी काच, शटर, बोर्ड : ८०,०००
- दिवे, प्रतीक्षेच्या खुर्च्या, बारीकसारीक : ५०,०००

हे ४,२०,०००. दोन्ही मिळून ९ लाख, म्हणजे चौरस फुटाला २,०००. निम्म्याहून जास्त पैसा न दिसणाऱ्या कामात आहे हे लक्षात घ्या. कुणी चौरस फुटाला १,२०० सांगत असेल तर तो बहुधा पहिली यादी धरत नाही.

काही ठिकाणी थोडं थांबायला हवं.

वायरिंगमध्ये कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह आणि प्रत्येक एसीला स्वतंत्र सर्किट हवं. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर मोजून बघा, नाहीतर नवा करा. तोंडात हत्यार असलेल्या पेशंटच्या खुर्चीला कच्चं अर्थिंग चालत नाही. इन्व्हर्टर खुर्ची, दिवे आणि संगणकापुरता घ्या. कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्ह त्यावर टाकायचा म्हटलं तर बॅटऱ्यांचा खर्च भलताच वाढतो.

कॉम्प्रेसर तेलविरहित हवा आणि त्याची जागा हवेशीर, ऑपरेटरीपासून दूर, पावसापासून झाकलेली. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे लाइनीत पाणी साचतं, म्हणून एअर ड्रायर आणि लाइनीच्या खालच्या टोकाला पाणी काढायचा कॉक धरा. हवेचा आवाज शेजाऱ्यांना गेला तर तक्रार येते. त्या कपाटाला आतून आवाज शोषणारं अस्तर लावायची रक्कम सुतारकामातच घ्या.

जिप्समचं पार्टिशन स्वस्त आणि झटपट. पण भिंतीवरच्या एक्स-रे मशीनचा हात त्यावर टिकत नाही. ती भिंत विटांची करा, नाहीतर आत लोखंडी चॅनेल आणि प्लायचा आधार आधीच बसवा. विटांची भिंत किरणोत्सर्गापासून आड म्हणूनही कामाची.

ऑपरेटरीची लादी कमी सांध्यांची, न घसरणारी असावी. भिंतीला मिळते तिथे गोलाई दिली तर पुसायला सोपं. रक्त, पाणी आणि जंतुनाशकाने लाकडी फिनिशचा पृष्ठभाग वर्षभरात फुगतो. ओट्याला ग्रॅनाइट किंवा सलग सिंथेटिक पृष्ठभाग, कपाटांना ओल न धरणारा प्लाय. प्रत्येक ऑपरेटरीला बाहेर हवा टाकणारा पंखा हवा, कारण हँडपीसचा तुषार नुसत्या एसीने बाहेर जात नाही, तो आतल्या आत फिरतो.

पायरी ५ : मशिनरी आणि जीएसटी

नमुन्यातली यादी : एक खुर्ची ३,२५,०००, कॉम्प्रेसर आणि सक्शन ७५,०००, ऑटोक्लेव्ह १,१०,०००, अल्ट्रासॉनिक क्लीनर आणि सीलर ३५,०००, एक्स-रे आणि आरव्हीजी (एक्स-रे थेट संगणकावर दाखवणारा सेन्सर) १,७५,०००, हँडपीस, स्केलर, लाइट क्युअर (फिलिंग घट्ट करणारा दिवा), एंडो मोटर (रूट कॅनालसाठी) १,००,०००, हत्यारं आणि सुरुवातीचं मटेरियल १,२०,०००, संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर ९०,०००. एकूण १०,३०,०००.

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) यांची मशीन यात मुद्दाम नाहीत. नव्या, एक खुर्चीच्या दवाखान्याने शेजारच्या इमेजिंग सेंटरकडे पेशंट पाठवावेत. ओपीजी पुढे हमखास घेणार असाल तर आज फक्त जागा, भिंत आणि वीज राखून ठेवा. उलट ऑटोक्लेव्हमध्ये काटकसर करू नका. हँडपीससारख्या पोकळ हत्यारांसाठी बी क्लासचं (आधी आतली हवा ओढून मग वाफ सोडणारं) ऑटोक्लेव्ह लागतं. हँडपीसही इतके घ्या की एक पेशंट संपून दुसरा बसेपर्यंत निर्जंतुक संच हातात असेल. ते बजेटात नसेल तर घाईच्या दिवशी नियम मोडला जातो, आणि ती जोखीम पेशंटच्या तोंडात जाते.

कोटेशन घेताना बसवणी, वाहतूक, पहिल्या वर्षाची सेवा, हमीत काय धरलं आहे, आणि तुमच्या गावात इंजिनीअर किती वेळात येतो, हे लिहून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांब असाल तर थोडी महाग पण जवळ सेवा असलेली कंपनी परवडते. खुर्ची दोन दिवस बंद राहिली की किमतीतला फरक वसूल झालेला असतो.

जीएसटीचा मुद्दा बरेच डॉक्टर उशिरा समजून घेतात. उपचारांवर जीएसटी नाही, म्हणून खरेदीवर भरलेला जीएसटी परतही मिळत नाही. तो पूर्णपणे तुमचा खर्च. नोंदणीकृत ठेकेदाराने '९ लाख अधिक कर' लिहिलं आणि १८ टक्के लागला तर वर १,६२,००० आले. अंदाजपत्रकातला सगळा राखीव निधी तिथेच गेला. कोटेशनवर 'करासह' हा शब्द स्वतः लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट आणि एसीवरचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कुणी जुन्या दराचं कोटेशन पुढे केलं तर नवं मागा. रोखीत काम करून बिल टाळायचं सुचवणारेही भेटतील. बिल नसलं तर हमी नाही, घसारा नाही आणि बँकेला दाखवायला कागद नाही.

सीएकडे काम सुरू होण्याआधी एकदा जाऊन या. यंत्रसामग्रीवर १५, फर्निचरवर १० आणि संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. शिवाय अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जमेच्या ठरावीक टक्क्यांना नफा मानून कर भरायचा) गेलात तर घसारा वेगळा दाखवता येत नाही. दवाखाना ऑगस्टमध्ये उघडायचा की डिसेंबरमध्ये, याला त्यामुळे थोडा अर्थ येतो.

पायरी ६ : परवानग्यांचा खर्च आणि वेळ

एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंदणी आणि परवानगी लागते, एका खुर्चीच्या दवाखान्यालाही. मशीन मंडळाने मान्य केलेल्या प्रकारचंच घ्या. स्वस्तात मिळणारं बिनमान्यतेचं मशीन परवानगीत अडकतं आणि पैसा पडून राहतो. शिशाचा एप्रन, सूचनाफलक आणि ठरावीक मुदतीने करायची गुणवत्ता चाचणी हे खर्च त्याच बाबीत धरा.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते; खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच घ्यावी लागते. तुमच्या भागातल्या सामायिक प्रक्रिया केंद्राचं सदस्यत्व आणि महिन्याची फी वेगळी. पिवळी, लाल, पांढरी, निळी अशा चारही डब्यांना सुरक्षित जागा नकाशातच ठेवा. टॉयलेटच्या दाराआड ठेवायची ही वस्तू नाही. अॅमलगम (पारा असलेलं दातात भरायचं मिश्रण) वापरत असाल तर पारायुक्त कचरा ड्रेनेजमध्ये जाऊ नये म्हणून सक्शनला सेपरेटर घ्या. राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू आहे ना, हे बघायला विसरू नका.

आर्किटेक्ट किंवा इंटिरियर डिझायनरची फी ६०,००० आणि परवानग्या, विमा, अग्निशामक मिळून ३०,००० धरले आहेत. आर्किटेक्टची फी वाचवावी असं मला वाटत नाही, पण दातांचे दवाखाने केलेला माणूस निवडा आणि त्याने केलेला एखादा दवाखाना चालू असताना जाऊन बघा. तिथल्या असिस्टंटला विचारलं की ड्रेनेज तुंबतं का, ते लगेच कळतं.

पायरी ७ : राखीव निधी आणि रिकाम्या खुर्चीचे महिने

जागा २.३०, बांधकाम आणि इंटिरियर ९.००, मशिनरी १०.३०, फी आणि परवानग्या ०.९०. बेरीज २२.५० लाख. बांधकामाच्या ९ लाखांवर १५ टक्के राखीव धरा, १.३५ लाख. जुन्या इमारतीत लादी उचलल्यावर काय निघेल हे कुणी सांगू शकत नाही. तिथे २० टक्के धरलेले बरे. मशिनरीचे भाव कोटेशनने पक्के होतात, त्यावर राखीव लागत नाही.

मग पहिल्या पायरीतला ८५,७०० चा ठरलेला खर्च सहा महिन्यांसाठी, म्हणजे ५.१५ लाख. एकूण २९ लाख. त्यातले १५ लाख कर्ज धरले तर १४ लाख स्वतःचे हवेत.

सहा महिन्यांची ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि इंटिरियरला वापरू नका. दर्शनी काच थोडी भारी घेऊ, रिसेप्शनला कोरियन टॉप टाकू, असं करत बांधकामाने ही रक्कम खाल्लेले दवाखाने मी पाहिले आहेत. मग पहिल्या तीन महिन्यांत पेशंट कमी आले की डॉक्टर हप्त्याच्या दडपणाखाली दर पाडतात किंवा नको ते उपचार सुचवायच्या मोहात पडतात. पेशंटला 'हा दात अजून पाहू, घाई नको' असं निवांतपणे म्हणता यावं, यासाठी ही रक्कम आहे.

आकडा जास्तच होत असेल तर कापायचा क्रम असा ठेवा : आधी फॉल्स सीलिंग फक्त प्रतीक्षा भागात ठेवा, ऑपरेटरीत साधा रंगवलेला स्लॅब चालतो आणि पुसताही येतो. मग सुतारकामाची कपाटं निम्मी करा, उरलेली तयार स्टीलची घ्या. दर्शनी काच साधी. केबिन रद्द. त्यानंतरही जास्त असेल तर खुर्चीचं मॉडेल एक पायरी खाली आणा. ड्रेनेज, अर्थिंग, ऑटोक्लेव्ह, रॅम्प आणि राखीव निधी यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्यानेही भागत नसेल तर जागा लहान घ्या.

पायरी ८ : कामाचा क्रम आणि पैसे कधी द्यायचे

ठेकेदाराला सुरुवातीला १० ते १५ टक्के अॅडव्हान्स पुरे. पुढचे हप्ते तारखेवर नकोत, झालेल्या कामाच्या मोजणीवर द्या : चर आणि पाइप टाकून चाचणी झाली की एक, लादी बसली की एक, वायरिंग पॅनेलपर्यंत पोचलं की एक, सुतारकाम बसलं की एक. शेवटचे ५ ते १० टक्के हातात ठेवा आणि त्यातला थोडा भाग पावसाळा उलटेपर्यंत. उन्हाळ्यात केलेलं वॉटरप्रूफिंग जुलैमध्येच खरं तपासलं जातं.

जादा कामाचा नियम पहिल्याच दिवशी लिहा : तुमच्या लेखी होकाराशिवाय, व्हॉट्सअॅपवरचा असला तरी चालेल, कुठलंही जादा काम बिलात येणार नाही. दर आठवड्याला एका पानावर चार रकाने भरा : बाब, ठरलेली रक्कम, आजपर्यंत दिलेली, अजून द्यायची. यातला चौथा रकाना महत्त्वाचा. पहिल्या महिन्यात खात्यात पैसे दिसतात म्हणून माणूस सैल होतो, आणि ते पैसे आधीच कुणाचे तरी झालेले असतात.

शेवटचं बिल देण्याआधी एक दिवस राखून सगळं एकदम चालवून बघा. दोन्ही एसी, कॉम्प्रेसर, सक्शन, ऑटोक्लेव्ह आणि सगळे दिवे एकाच वेळी चालू करा. अर्धा तास एमसीबी पडत नाही ना आणि पॅनेल तापत नाही ना, हे वायरमनला पाहायला लावा. खुर्चीच्या ड्रेनमध्ये, आणि दुसऱ्या खुर्चीच्या झाकण लावलेल्या तोंडातही, बादलीभर पाणी एकदम ओता आणि बाहेरच्या चेंबरवर माणूस उभा करा. पाणी किती वेळात पोचतं ते बघा, बेसिनच्या जाळीतून उलटं वर येतं का तेही बघा. हवेची लाइन रात्री भरून बंद करा, सकाळी गेजवर दाब किती उरला ते वाचा. हे तिन्ही नीट निघालं की राखून ठेवलेल्या रकमेचा पहिला भाग सोडा.